गाव सोडलेल्या कारागिराचा माग

बीड जिल्ह्यात शेतकरी पूर्वज शोधणे त्या मानाने सोपे आहे. त्याच्या नावामागे सर्व्हे नंबर असतो, सर्व्हे नंबरामागे सातबारा, सातबाऱ्यामागे फेरफार आणि त्याच्याही मागे निजामकाळातली पत्रके. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चर्मकार, कासार अशा कारागीर पूर्वजाच्या नावावर मात्र बहुधा जमीनच नसे. त्याचे उत्पन्न म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारे बलुते, आणि त्या धान्याचा हिशेब कोणत्याही कचेरीत लिहिला जात नसे. असा माणूस गाव सोडून हैदराबादला, सोलापूरला किंवा मुंबईला गेला, की दोन पिढ्यांत त्याचे गावातले नाव पुसले जाते. मागे राहते ती घरातली एखादी ऐकीव गोष्ट: पणजोबा बीडकडचे, दुष्काळात निघाले, सुतारकाम करायचे. एवढ्याच धाग्यावरून त्याच्या गावापर्यंत जाता येते. त्यासाठी कागद कुठे आहेत आणि ते कसे वाचायचे, हे आधी ठाऊक हवे.

हा माणूस गावातून का निघाला, याचा विचार आधी केला तर शोधाचा काळ आणि दिशा दोन्ही आवाक्यात येतात. बलुतेदारी हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई आणि भावाभावांत त्याच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत. गाव तेवढेच, नांगर तेवढेच आणि सुताराची घरे एकाची चार झाली, की धाकट्या शाखेला बाहेर पडण्यावाचून इलाज नसे. म्हणून बाहेर गेलेल्या कारागिराचे भाऊबंद मूळ गावात राहिलेले असण्याची शक्यता बरीच असते, आणि शोध बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच लागतो.

दुसरे कारण दुष्काळ. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तिन्ही दुष्काळांनी मराठवाडा भाजून निघाला. त्या वेळी ‘भीर’ अशा स्पेलिंगने इंग्रजी कागदांत लिहिल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास होती. १९०१ च्या जनगणनेत ती पाच लाखांच्याही खाली आली. सगळेच मेले नाहीत. पुष्कळ जण निघून गेले. शेतकऱ्याला जमीन धरून ठेवते, कारागिराची हत्यारे त्याच्याबरोबर चालतात. त्यामुळे पाऊस गेला की गावातून आधी निघणाऱ्यांत तो असे. नंतरची मोठी लाट १९७२ च्या दुष्काळातली. तिने माणसे मुंबई-पुण्याकडे नेली, आणि तिचे साक्षीदार आजही घराघरांत भेटतात.

तिसरे कारण सावकाश आले. गिरणीचे कापड, पत्र्याची भांडी, कारखान्यातले जोडे यांनी गावातल्या कारागिराचे गिऱ्हाईक कमी केले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ पासून बाजारात येऊ लागला आणि लाकडी नांगर करणाऱ्या सुताराच्या वर्षभराच्या कामातला मोठा तुकडा पुढच्या काही दशकांत गळून पडला. बीड शहराचा स्वतःचा एक खास माल होता: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये इथल्या पाण्याच्या चामडी छागलींची आणि काठीत पाते दडवलेल्या गुप्त्यांची नोंद आहे. बीडचा चामडेकाम करणारा किंवा पात्याचे काम करणारा पूर्वज असेल, तर तो केवळ बलुतेदार नव्हता, बाजारासाठी माल करणारा कसबी होता, आणि अशी माणसे शहरांतल्या पेठांत सापडण्याचा संभव अधिक. अंबाजोगाईचा, म्हणजे जुन्या कागदांतल्या मोमिनाबादचा, प्रकार आणखी वेगळा. तिथे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळाला नालबंद लागतो, खोगीर करणारा लागतो, शिंपी आणि लोहार लागतो. १९०३ च्या सुमारास हे कंटिंजंट मोडून हिंदुस्थानी फौजेत मिसळले. छावणीवर पोट असलेल्या कारागिरांपुढे तेव्हा दोन वाटा होत्या: पलटणीमागे जायचे किंवा दुसरे गिऱ्हाईक शोधायचे. अंबाजोगाईच्या कुटुंबात ‘पणजोबा रिसाल्याबरोबर गेले’ अशी गोष्ट चालत आली असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नये.

कोण कुठे गेला हे पुष्कळदा स्टेशनावर ठरे. बीड शहराला रेल्वे मिळाली ती २०२५ मध्ये; १७ सप्टेंबरला बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. जुन्या काळी गाडी धरायला बहुतेकांना जिल्ह्याबाहेर चालत किंवा बैलगाडीने जावे लागे. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला जवळचे स्टेशन अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), १८७८ मध्ये झालेल्या दौंड-मनमाड मार्गावरचे. तिथून वाट पुण्या-मुंबईकडे. गेवराई-माजलगावकडच्यांना जालना, सेलू, परभणी जवळ. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा हा गोदावरी खोऱ्यातला मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला आणि हैदराबाद एका गाडीच्या अंतरावर आले. केज-अंबाजोगाईकडच्यांना बार्शी लाइट रेल्वे. ती १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली आणि बार्शीमार्गे सोलापूरच्या गिरण्यांकडे माणसे नेऊ लागली. कुटुंब आज कोणत्या शहरात आहे एवढ्यावरून मूळ तालुका नक्की ठरत नाही, पण आधी कुठे पाहायचे ते कळते.

हैदराबाद ही तर निजाम राज्याची राजधानीच. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग धुऊन नेला. त्यानंतर शहर सुधारणेची कामे, उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव, उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय अशी बांधकामे वीस-पंचवीस वर्षे चालू होती. सुतार, गवंडी, लोहार यांना एवढी मागणी मराठवाड्यात कुठेच नव्हती.

शोधाची सुरुवात घरातूनच करावी लागते आणि घरातला पहिला दस्तऐवज पुष्कळदा कागदाचा नसतो. हंडा, कळशी, घंगाळ, परात यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घेण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. लग्नात आंदण दिलेल्या किंवा कुणाच्या स्मरणार्थ वाटलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव आणि कधी शके किंवा सन असतो. पणजीच्या माहेरची भांडी तर विशेष मोलाची, कारण लग्ने जवळपासच्या गावांत होत. पणजीचे माहेर सापडले, की पणजोबाचे गाव त्याच्या आसपास असणार असे धरून चालता येते.

कागदांपैकी जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, धंद्याची रोजमेळ किंवा उधारीची वही, गहाणखत, भाडेपावत्या, मनीऑर्डरच्या पावत्या आणि पोस्टकार्डे एवढे तरी जमवावे. निजाम राज्याचे टपाल १९५० पर्यंत स्वतंत्र होते, त्यामुळे पोस्टकार्डावरचा शिक्का आणि तिकीट पाहूनच ते निजामाच्या हद्दीतले की ब्रिटिश हद्दीतले हे कळते. पैशाच्या आकड्यापुढचा शब्दही असाच बोलका. ‘हाली’ किंवा ‘हाली सिक्का’ असे लिहिले असेल तर निजामाचा रुपया, ‘कलदार’ असेल तर इंग्रजांचा. सहा कलदाराला सात हाली हा त्यांचा ठरलेला भाव होता. सोलापुरात सापडलेल्या कर्जरोख्यात रक्कम हाली रुपयांत असेल, तर घेणारा किंवा देणारा निजामाच्या मुलखातला असावा, आणि तोच तुटलेला दुवा असू शकतो.

कुळाचार हीसुद्धा एक प्रकारची नोंदच आहे. घराणे शंभर वर्षे मुंबईत राहिले तरी मुलाचे जावळ कुठे काढायचे, लग्नात देवक कोणते, हे सहसा बदलत नाही. मात्र इथे घाई नको. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कित्येक चित्पावन घराण्यांचीही कुलदेवता आहे. ती घराणी काही अंबाजोगाईहून गेलेल्या कारागिरांची नव्हेत. कुलदैवत हा पूरक पुरावा. एकट्याने तो गाव ठरवू शकत नाही.

बहुतेकांचा शोध अडतो तो आडनावापाशी, आणि चूकही तिथेच होते. आजचे आडनाव घेऊन जुन्या नोंदी धुंडाळल्या तर हाती काही लागत नाही, कारण गावात त्या माणसाला ते आडनाव नव्हतेच. गावच्या कागदात तो ‘गणू वल्द रामा सुतार, मौजे अमुक’ असा असतो. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. शेजारच्या इंग्रजी मुलखात त्याच जागी ‘बिन’ लिहीत. हाच गणू हैदराबादला किंवा पुण्याला गेला, की तिथे तो धारूरकर, माजलगावकर, परळीकर किंवा बीडकर होतो. धारूरमध्ये राहणाऱ्याला धारूरकर म्हणायची गरज कुणालाच नसते. शहरात शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारले आणि बापाने गाव सांगितले, तेच पुढे आडनाव झाले. काहींनी उलट धंद्याचे नाव टाकून जुने कुळाचे आडनाव परत उचलले, आणि अशा बदलांपैकी काहींची जाहिरात सरकारी राजपत्रात मिळते. म्हणून शोध आडनावाने करू नये. गाव, धंदा आणि बाप-मुलाच्या नावांची जोडी, या तिन्हींचा मेळ बसला तर आडनाव काहीही असो, माणूस बहुधा तोच. एकट्या नावावर विसंबता येत नाही, कारण आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत असल्याने रामा-गणू, गणू-रामा अशी साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि शोधणारा सहज एक पिढी गाळतो किंवा जास्तीची घालतो.

गावाच्या नावाचीही अशीच फसगत होते. नांदूर नावाचीच जिल्ह्यात एकाहून अधिक गावे आहेत: केज तालुक्यात नांदूर घाट, बीड तालुक्यात नांदूर हवेली. पिंपळनेर बीड जिल्ह्यात आहे तसे धुळे जिल्ह्यातही आहे. तालुका कळल्याशिवाय गाव कळत नाही, आणि तालुकेही बदललेले आहेत. वडवणी आणि शिरूर कासार हे तालुके अलीकडचे. त्यांतल्या गावांचे जुने कागद मूळ तालुक्यांच्या दप्तरात पाहावे लागतात. रेणापूर १९८२ पर्यंत बीड जिल्ह्यात होते, आज ते लातूरमध्ये आहे.

त्यानंतर तारखेचा घोळ. मराठवाड्यातल्या एकाच घराच्या कागदांत चार-चार कालगणना सापडतात. जन्मपत्रिकेत शके असतो. त्यात चैत्र ते डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवले की इसवी सन येतो. मशीद-दर्ग्यांशी किंवा मुसलमान कारागीर घराण्यांशी संबंधित कागदांत हिजरी सन असतो. तो चांद्र असल्याने दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतो. ठरावीक आकडा मिळवून भागत नाही, कोष्टकच पाहावे लागते. सरकारी कागदांत मात्र फसली सन, आणि निजाम राज्याचा फसली इंग्रजी मुलखातल्या फसलीसारखा जूनमध्ये सुरू होत नसे. त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होई. पुढचे महिने दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहेर आणि आबान. सोपा हिशेब असा: आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवावेत, इस्फंदारपासून पुढे ५९१. बहमन डिसेंबर ओलांडून जानेवारीच्या आरंभापर्यंत जातो, तेवढ्या दोन-चार दिवसांचा फरक सोडून द्यावा. १३०९ फसलीतला अमर्दाद म्हणजे १९०० चा जून-जुलै, दुष्काळाच्या ऐन झळीचा काळ. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे शेवटचे वर्ष तेच, आणि १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस त्याच्या शेवटच्या महिन्यात पडतो. हे गणित चुकले तर माणूस जन्मण्याआधीच शाळेत गेलेला दिसतो. वंशावळीतली पुष्कळशी कोडी अशी निव्वळ बेरजेची असतात.

लिपीची अडचण खरी, पण वाटते तेवढी मोठी नाही. गावपातळीवरचे लिखाण कुलकर्ण्यांच्या हातचे, म्हणून मराठीत आणि मोडी लिपीत. तालुका आणि त्याच्या वरचे कामकाज आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत. उर्दू घाईच्या वळणात लिहिलेली असते आणि नुक्ते गाळलेले असल्याने गावाचे नाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येते. रकमा पुष्कळदा सियाक पद्धतीच्या खुणांत असतात, त्या जाणकाराकडूनच वाचून घ्याव्या लागतात. मोडीचे तसे नाही. छापील मराठी वाचणाऱ्याला काही महिन्यांच्या सरावाने सुवाच्य मोडी वाचता येऊ लागते, आणि नाव, बापाचे नाव, जात, गाव एवढेच शोधायचे असल्यावर ओळखायचे शब्दही थोडेच.

आता प्रत्यक्ष दप्तरे. जनगणनेकडून फार आशा करू नये. ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांची घरनिहाय पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात आणि तिथल्या लोहाराचा पत्ता, मुले, जन्मगाव सगळे घरबसल्या मिळते. १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये अशीच खुली झाली. आपल्याकडे जनगणनेचे ग्रंथ जिल्ह्यात सुतार किती होते ते सांगतात, त्यांतला एकही नावाने सांगत नाहीत. याला अपवाद १९५१ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीचा. ती जिथे टिकली आहे तिथे कुटुंबातल्या माणसांची नावे मिळू शकतात.

मराठवाड्यात याखेरीज कोणते कागद शिल्लक आहेत, याची सर्वांत चांगली यादी एका वेगळ्याच कारणाने तयार झाली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या कामासाठी बीडसह मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत धुळीत पडलेली मोडी-उर्दू दप्तरे उघडली गेली, वाचली गेली आणि त्यांतल्या सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. शोध कुणबी शब्दाचा होता, पण त्याच पानांवर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांचीही नावे आहेत. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू कोणतीही असो, मराठवाड्यातल्या सामान्य घरांच्या इतिहासासाठी एवढे मोठे काम आधी कुणी केले नव्हते.

या कामात जे प्रकार तपासले गेले, ते कारागिराच्या दृष्टीने सारखे उपयोगाचे नाहीत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शेतवार पत्रक, हक्कनोंद पत्रक हे जमिनीचे कागद. बलुतेदाराला गावसेवेबद्दल इनाम जमिनीचा तुकडा मिळालेला असेल तरच तो त्यांत सापडतो; तसा तुकडा असेल तर ‘बलुता इनाम’ अशा नोंदीखाली पाहावे. कारागिरासाठी खरी कामाची वही जन्म-मृत्यूची. ती गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक या नावाने ओळखली जाते. तिच्यात जमीन असो-नसो, मूल जन्मले की बापाचे नाव आणि जात येई. गाव सोडलेल्या माणसाची स्वतःची मृत्युनोंद इथे मिळणार नाही, पण त्याच्या गावात राहिलेल्या आईची, भावाची, पुतण्याची मिळते. मग शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही. निजामकाळात बीडच्या खेड्यांत शाळा मोजक्या आणि कारागिराच्या मुलाला हाताखाली काम शिकायचे असल्याने ती वही उशिरा उपयोगी पडते. दुय्यम निबंधकाकडची खरेदीखते, भाडेचिठ्ठ्या, दत्तकपत्रे यांत घराच्या जागेचे व्यवहार मिळतात. गाव सोडताना विकलेल्या घराचे खत हा तर सोन्याहून मोलाचा कागद, कारण त्यात जाण्याचे वर्षही आले. पोलीस आणि कारागृहांच्या वह्याही पाहिल्या गेल्या. तिथे पूर्वज सापडला तर काहींना अवघड वाटते, पण धंदा, वय आणि गाव एकाच ओळीत देणाऱ्या नोंदी थोड्याच असतात. मुसलमान कारागीर घराण्यांसाठी वक्फ कार्यालयातले मुंतखब पाहण्यासारखे. दर्गा-मशिदींच्या सेवेशी जोडलेल्या घराण्यांचा वारसा त्यांत नोंदलेला असतो.

महजर हा प्रकार याहून जुना, आणि कारागिराच्या शोधात कदाचित सर्वांत रंगतदार. पाटीलकीचा, हद्दीचा किंवा वतनाचा तंटा निवडायला गोतसभा भरे आणि तिचा निकाल महजर म्हणून लिहिला जाई. त्यावर गावच्या वतनदारांबरोबर बलुतेदारांचीही साक्ष लागे. लिहिता न येणारा माणूस नावापुढे आपल्या धंद्याची निशाणी काढी: पाटलाचा नांगर, सुताराचे किकरे, चर्मकाराची रापी, न्हाव्याचा आरसा. ज्या माणसाच्या नावे एक गुंठाही नव्हता, तो दुसऱ्याच्या जमिनीच्या भांडणात साक्षीदार म्हणून उभा राहिलेला असा सापडतो. त्या काळच्या कागदांत ‘मिरासी’ आणि ‘उपरी’ असा फरकही केलेला असतो. उपरी म्हटलेला कारागीर त्या गावचा मूळचा नव्हे, तोही आधी दुसरीकडून आलेला. म्हणजे ज्याला मूळ गाव समजले, तो वाटेतला एक मुक्कामच निघू शकतो.

अशा जुन्या कागदांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील राज्य पुराभिलेखागाराची शाखा, पुण्याचे पेशवे दप्तर आणि हैदराबादला तारनाका येथील तेलंगण राज्य पुराभिलेखागार ही मुख्य ठिकाणे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, तरी निजाम सरकारच्या वरिष्ठ कार्यालयांचे दप्तर हैदराबादलाच राहिले.

सरकारी कागद थांबतात तिथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या चालू असतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर इथे उपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळी असतात. यजमान अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आला, की वडील, आजोबा, भाऊ, मुले यांची नावे लिहून घेत आणि खाली सही किंवा निशाणी. गाव सोडलेल्या माणसाच्या दृष्टीने तिथली एक गोष्ट अतिशय मोलाची: ‘मूळ गाव’ आणि ‘हल्ली मुक्काम’ दोन्ही लिहिले जातात. कारागिराने गाव सोडल्याचे दुसऱ्या बहुतेक दप्तरांना ठाऊक नसते. इथे ते एका ओळीत असते. उपाध्यायाला विचारताना आडनावाआधी मूळ गाव आणि जात सांगावी, कारण पुष्कळ वह्या गाववार लावलेल्या असतात. हरिद्वारच्या अशा वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतल्या युटा राज्यातील वंशावळ संस्थेने फार पूर्वीच घेतले. महाराष्ट्रातल्या वह्या अजून बहुतांशी खासगी कपाटांत आहेत. ज्या जातींना अस्पृश्य ठरवून क्षेत्रातल्या विधींपासून दूर ठेवले गेले, त्यांची नावे या वह्यांत फारशी मिळायची नाहीत. चर्मकार किंवा मातंग कारागिराच्या शोधात त्यामुळे कोतवाल बुकावरच अधिक भिस्त ठेवावी लागते. काही समाजांत भाट किंवा हेळवी ठरावीक वर्षांनी येऊन वंशावळ वाचतात आणि नवी नावे जोडून घेतात. त्यांच्या वरच्या पिढ्या दंतकथेत जातात, पण अलीकडच्या चार-पाच पिढ्यांबाबत ते बऱ्यापैकी भरवशाचे असतात, कारण त्याच नावांवर त्यांची दक्षिणा ठरते.

पोचलेल्या शहरातले कागदही मूळ गावाकडे बोट दाखवतात. हैदराबादेत मराठी वस्ती सुलतान बाजार, काचीगुडा, शालीबंडा या भागांत होती, आणि १९०७ मध्ये सुरू झालेली विवेकवर्धिनी ही तिथल्या मराठी मुलांची शाळा. सोलापूर आणि मुंबईत नगरपालिकांच्या जन्म-मृत्यू नोंदी, चाळीच्या भाडेपावत्या, गिरणीतले नोकरीचे दाखले आणि ज्ञातिसंस्थांच्या छापील सभासद-याद्या पाहाव्यात. ज्ञातीच्या जुन्या वधू-वर पुस्तिकांत ‘मूळ गाव’ हा रकाना हमखास असतो.

समुद्रापलीकडे गेलेल्यांचे कागद उलट जास्त नीट आहेत, ही थोडी विपरीत गोष्ट. १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेलेल्या माणसांना, त्यांत कोकणातले मराठीही होते, प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव अशा नोंदी झाल्या आणि त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. गिरमिटियाला मळेवाल्याच्या हिशेबासाठी मोजले गेले. पाटोद्याहून पुण्याला चालत गेलेल्या सुताराचा हिशेब कुणालाच नको होता, म्हणून त्याची नोंद कुणी केली नाही.

या शोधाला आज एक व्यावहारिक बाजू आहे आणि तीच बहुतेकांना कचेरीत नेते. जात प्रमाणपत्रासाठी कुटुंब ठरावीक तारखेला कुठे राहत होते हे पाहिले जाते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. बीडचे सुतार कुटुंब १९६५ मध्ये पुण्याला आले असेल, तर प्रमाणपत्राचा अर्ज पुण्यात. १९७२ च्या दुष्काळात आले असेल, तर बीडमध्ये. हैदराबादला स्थायिक झालेल्यांचे आणखी कठीण. आजोबा गेले तेव्हा बीड आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. १९६७ मध्ये ती दोन वेगळ्या राज्यांत होती, आणि एका राज्यातले आरक्षण दुसऱ्या राज्यात लागू होत नाही.

नक्कल मागताना तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव, नमुना आणि अंदाजे वर्ष लिहून द्यावे. नुसते ‘पूर्वजांची नोंद’ म्हटले तर अर्ज परत येतो. मोडी नोंदीबरोबर तिचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराच्या सहीने जोडावे. आपल्या पूर्वजाची एकच ओळ न घेता आधीचे आणि नंतरचे पानही घ्यावे, म्हणजे वहीचा सन, गाव आणि हस्ताक्षर यांची खात्री पटते. जात पडताळणी समितीला शंका आली तर ती मूळ नोंदवही मागवून नोंदीच्या आजूबाजूच्या ओळींसह तपासते.